उलगडलेला पत्रा

ब्राह्मणपुरी, ता. शहादा
१२ ऑगस्ट २०२३

नवनीतभाऊ,

तुम्ही पाठवलेली तिन्ही मॉडेलं उघडली. त्यांची सपाट ड्रॉइंगं या मेलला जोडली आहेत. जे काही विचारायचं ते फोनवर नको, लिहून विचार, असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून हे पत्र.

खरं सांगू, फार मजा आली. तुमच्या कंपनीची ती विजेच्या पॅनलची पेटी पडद्यावर गोल गोल फिरवत बसले. वरून, खालून, आतून. मग ती उलगडायला घेतली. कापणाऱ्या मशीनला घडी कळत नाही, तिला फक्त आडवा पडलेला पत्रा कळतो, हे डिप्लोमाला शिकवलं होतं. पण प्रत्यक्ष करताना कळतं की एकेका घडीपाशी किती विचार करावा लागतो. आईने विचारलं, "दिनभर काय करस व?" मी मिठाईचा खोका चारी बाजूंनी उलगडून तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, हे करते. तर म्हणते, "मंग खोका मोडानंच काम शे का तुन्हं?" दोघी हसत सुटलो.

आबांशी माझं ठरलंय, ते तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते. तुम्ही माझं काम पास केलंत आणि कंपनीत शिफारस केलीत, तर मी पुण्याला यायचं, आबा आडवे येणार नाहीत. तुम्ही नापास केलंत तर ते दाखवतील त्या मुलाशी लग्न. आबांनी देवळात उभं राहून शब्द दिलाय. म्हणून भाऊ, बहीण म्हणून माझी गय करू नका. चूक असेल तर चूकच म्हणा. मला तुमच्या दयेवर नाही, कामावर यायचंय.

तुमची,
रूपाली

*

ब्राह्मणपुरी
१९ ऑगस्ट २०२३
(गोकुळच्या हाती)

नवनीतले काका सुकलालना आशीर्वाद.

शेजारना गोकुळ पुनाले ई ऱ्हायना, म्हनीसन चिठ्ठी त्यान्हा हातमा दिधी. फोनवर बोलता येत नही. घर धाकलं, पोर बठ्ठं ऐकस.

मी रूपालीले सबद दिधा शे, तू पास करी ते पुनाले जाय. सबद दिधा तव्हय माले वाटनं, हाई काय पास व्हई! आते तिन्ही माय म्हनस, पोर हुशार शे, व्हईच. भाऊ, माले ती धाडानी नही. एकटी पोर परगावमा ऱ्हाई ते भाऊबंद काय म्हनतीन? तू तिले पास करू नको. पन मी सांगं अशे तिले कळाले नको. तिन्हं तिलेच वाटाले जोयजे का हाई आपलं काम नही.

तुन्हा बाप गया तव्हयपाईन तुले मी पोरगासारखा पोसा. कधी काही मांगं नही. आते मांगस.

*

चाकण, पुणे
२७ ऑगस्ट २०२३

काका,

पाया पडतो. गोकुळ भेटला. चिठ्ठी वाचली आणि फाडून टाकली, तुम्हीही ही वाचून चुलीत टाका. पत्ता दूध सोसायटीचा घातला आहे, म्हणजे घरी कोणाच्या हाती पडणार नाही.

तुम्ही मागावं आणि मी नाही म्हणावं, असं होणार नाही. रूपालीचं काम पाहिलं. नवशिक्या मुलीच्या मानाने ठीकठाक आहे, विशेष काही नाही. पण एकदम नाही म्हटलं तर ती दुसऱ्या कंपनीत अर्ज करील. शिकलेली आहे, गप्प बसणार नाही. त्यापेक्षा मी तिला काम देत राहतो आणि परत करत राहतो. हळूहळू तिचीच हौस फिटेल. थोडा वेळ लागेल, एवढा धीर धरा.

काकूंना नमस्कार.

नवनीत

*

चाकण, पुणे
३ सप्टेंबर २०२३

रूपाली,

तिन्ही ड्रॉइंगं परत पाठवतो आहे. तिन्हीत चुका आहेत.

पत्रा वाकवला की बाहेरच्या अंगाने ताणतो आणि आतून दबतो, त्यामुळे उलगडलेली लांबी नुसत्या बाजूंच्या बेरजेइतकी नसते. हे तुला पुस्तकातून माहीत आहे, पण हातात उतरलेलं नाही. नेमकं कुठे चुकलं ते मी सांगणार नाही. सांगितलं तर तू फक्त तेवढंच दुरुस्त करशील आणि शिकणार काहीच नाहीस. शोध.

तू लिहिलंस, गय करू नका. करणार नाही.

सरावासाठी आणखी पंधरा मॉडेलं पाठवतो. महिनाअखेर सगळ्यांची सपाट ड्रॉइंगं हवीत.

नवनीत

*

ब्राह्मणपुरी
१४ नोव्हेंबर २०२३

नवनीतभाऊ,

पाडवा झाला. तुम्ही सुट्टीला आला नाहीत, आईने तुमच्यासाठी करंज्या ठेवल्या होत्या.

पहिली तीन आणि नंतरची पंधरा, सगळी पुन्हा केली. दुसऱ्या खेपेलाही तुम्ही "चुका आहेत" एवढंच लिहिलंत. मग मी एक केलं, रागावू नका. आमच्या केळीचे खोके येतात ना, त्यांचा जाड पुठ्ठा घेतला. माझं ड्रॉइंग खऱ्या मापात छापून आणलं, पुठ्ठ्यावर चिकटवलं, कापलं आणि रेषांवर दुमडलं. पेटी झाली, भाऊ. चारी कोपरे मिळाले. झाकण बसलं. आईला हाक मारून दाखवलं. आबाही आले. पेटी हातात घेऊन त्यांनी उलटीसुलटी केली, मग काही न बोलता शेतात गेले. तुम्ही अजून पास म्हणाला नाहीत ना, म्हणून बोलले नसतील.

तर माझं एवढंच विचारणं आहे, चूक असती तर कोपरे कसे मिळाले असते? मी वाद घालत नाही. मला खरंच कळून घ्यायचंय. एका तरी ड्रॉइंगवर, एका तरी रेषेवर बोट ठेवून सांगा, इथे चुकलीस.

पुठ्ठ्याच्या पेटीचा फोटो जोडला आहे.

रूपाली

*

चाकण, पुणे
२ डिसेंबर २०२३

रूपाली,

फोटो पाहिला. ऑफिसात दोघातिघांना दाखवला, हसले सगळे. मी वाईट वाटून घेतलं नाही, तूही घेऊ नकोस.

पुठ्ठा म्हणजे पत्रा नव्हे. पुठ्ठा कसाही दुमडतो, म्हणून कोपरे मिळाले. ज्याला हा फरक सांगावा लागतो त्याने या धंद्यात यावं का, याचा विचार तू कर. मी तुला निराश करत नाही. तू म्हणालीस म्हणून स्पष्ट बोलतो.

नवीन तीस मॉडेलं पाठवली आहेत. यातली घाईची आहेत त्यांवर लाल खूण केली आहे, ती आधी कर. सराव असला तरी मुदत पाळायची सवय हवी.

नवनीत

*

ब्राह्मणपुरी
६ एप्रिल २०२४
(गोकुळच्या हाती)

नवनीत,

तू काय करी ऱ्हायना? सात-आठ महिना व्हयनात, पोर आजून कंप्युटर सोडत नही. जेवाले बलावं ते म्हनस, येस आबा, येवढी लाल खूण करी लेस. तू नापास करी ऱ्हायना का तिले कामले जुपी ऱ्हायना? माले त्यामधलं काही समजत नही, पन तिन्ही माय रोज माले ईचारस, पोर वाळी काब गई?

तळोदानं स्थळ उनं शे. पोरगा अमृत, मोटारपंप दुरुस्तीनं सोतानं दुकान. माय सुगंधाबाई, मानूस चांगलं. त्या दिवाळीलगून थांबतीन, पुढे नही. आते तोड.

सुकलाल

*

ब्राह्मणपुरी
२३ जून २०२४

नवनीतभाऊ,

मागच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, "काही लोकांना खोली दिसतच नाही, त्यांना सगळं चित्रासारखं सपाट दिसतं, आणि त्यांना ते जन्मभर कळतही नाही. तू डोळे तपासून घे." मी घेतले. शहाद्याला डॉक्टरांकडे गेले. आबांना सांगितलं, डोकं दुखतं. डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले, सुईत दोरा ओवायला लावला, एका डोळ्यावर हात ठेवून पेन पकडायला लावलं. म्हणाले, "बेटा, डोळे उत्तम आहेत, तुला कोणी सांगितलं हे?" मी तुमचं नाव सांगितलं नाही.

तरी मला आता खात्री वाटत नाही. परवा आई म्हणाली, दोन वाट्या डाळ घाल, तर मी तीनदा मोजली आणि तिसऱ्यांदा मोजताना पहिली कशी मोजली ते विसरले. ओट्यावरून उतरताना पायरी आहे तिथेच असेल ना, असं वाटून थांबते. डिप्लोमाला ड्रॉइंगमध्ये माझा वर्गात पहिला नंबर होता. तो कसा मिळाला असेल? सरांनीच चुकून दिला असेल का?

या खेपेची चाळीस ड्रॉइंगं जोडली आहेत. लाल खुणेची आधी केली. प्रत्येक चार वेळा तपासलं. यातलं एक तरी बरोबर असेल तर मला सांगा. पास करू नका, फक्त सांगा की हे एक बरोबर आहे. मला तेवढंच पुरेल.

रूपाली

*

चाकण, पुणे
२२ सप्टेंबर २०२४

रूपाली,

उत्तराला उशीर झाला. कंपनीत मला बढती मिळाली, आता पूर्ण विभाग माझ्याकडे आहे, त्या गडबडीत होतो.

तुझी चाळीसही पाहिली. तू एक तरी बरोबर दाखवा म्हणालीस. मी प्रामाणिकपणे शोधलं. नाही सापडलं.

डॉक्टर डोळे तपासतो. तुझा प्रश्न डोळ्यांचा नाही, डोक्याचा आहे. पडद्यावरची वस्तू तुझ्या डोक्यात उभी राहत नाही. हे शिकवून येत नाही, असतं किंवा नसतं. तू मेहनती आहेस, म्हणून आणखीच वाईट वाटतं. आळशी असतीस तर आशा ठेवता आली असती. मी तुझ्यामागे एक वर्ष घालवलं. दुसऱ्या कंपन्यांतही अर्ज करू नकोस. तिथले लोक माझ्या ओळखीचे आहेत, विचारलं तर मला खरं सांगावं लागेल, आणि नाव घराण्याचं जाईल.

तळोद्याचा मुलगा चांगला आहे असं काका म्हणतात. संसारात रम. तुझ्या भल्याचं सांगतो आहे.

नवनीत

*

ब्राह्मणपुरी
२० ऑक्टोबर २०२४

नवनीतभाऊ,

बढतीबद्दल अभिनंदन. आईने गावात पेढे वाटले.

तळोद्याची माणसं येऊन गेली. मी हो म्हटलं. कंप्युटर आबांनी गोकुळच्या मुलीला दिला, मला वाईट वाटलं नाही. घरात त्याच्याकडे पाहवत नव्हतं. डिप्लोमाचं सर्टिफिकेट भिंतीवर होतं, ते मी काढून ठेवलं. तळोद्याच्या बायका विचारायला लागल्या, कसलं आहे, तर मला सांगता येईना.

तुम्ही वर्षभर माझ्यासारखीला सहन केलंत. दुसऱ्या कोणी पहिल्याच महिन्यात हाकललं असतं. आबा म्हणतात, नवनीतचे उपकार विसरू नको. नाही विसरणार. डिसेंबरात लग्नाला नक्की या, भाऊ म्हणून तुम्हीच पाठीशी उभं राहायचंय.

रूपाली

*

चाकण, पुणे
२१ एप्रिल २०२५

प्रिय रूपाली,

तुझा संसार छान चाललाय असं काकांकडून कळलं. अमृतराव लग्नात भेटले तेव्हाच मला आवडले होते.

एक छोटंसं काम आहे. आमच्या मॅडमचा तुला फोन येईल. झालं असं की, गेले काही महिने विभागाचं काम मागे पडलं, काही पत्रे चुकीचे कापले गेले, आणि मॅडमनी जुन्या फाइली उघडून पाहिल्या. प्रत्येक फाइल कोणत्या कंप्युटरवर बनली ते तिच्यात आपोआप नोंदलं जातं, हे माझ्या ध्यानात नव्हतं. शंभरावर फाइलींवर तुझं नाव आलं. कंपनीची मॉडेलं बाहेर पाठवायला सक्त मनाई आहे.

तर तू एवढंच सांगायचं, की सुट्टीत नवनीतभाऊ गावी यायचे आणि माझ्या कंप्युटरवर स्वतः काम करायचे. मला त्यातलं काही येत नाही. बस्स.

मनात काही आणू नकोस. तुझी ड्रॉइंगं बरी होती म्हणूनच वापरली ना? म्हणजे एका अर्थी तुझं चीजच झालं. आणि परत पाठवायचो ते काही माझ्या मनाने नाही. काकांनीच चिठ्ठी धाडली होती, हिला पास करू नको म्हणून. त्यांनी मला वाढवलं, मी त्यांना नाही कसं म्हणणार? तुला राग यायचा असेल तर तिकडे यावा. पण आता तुझं लग्न झालं, घर चांगलं मिळालं, झालं गेलं उगाळून तुला काय मिळणार? माझी मात्र दोन मुलं आहेत, धाकटा अजून बालवाडीत आहे.

फोन उद्या-परवा येईल. आठवणीने सांग.

तुझाच भाऊ,
नवनीत

*

तळोदा
२ मे २०२५

नवनीत,

फोन आला होता. मी स्वयंपाक करत होते. हात पुसून घेतला.

तुझ्या मॅडम भल्या वाटल्या. त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं: "तुम्ही म्हणालात की काम नवनीतनेच केलं, तर मी हे इथेच मिटवते. पुढे तुम्ही स्वतंत्र अर्ज केलात तर मी नक्की विचार करीन. पण काम तुम्ही केलं असेल, तर कंपनीच्या फाइली घेतल्याबद्दल तुमचंही नाव लागेल, आणि मग आमच्याकडे किंवा आमच्याशी संबंध असलेल्या कुठेही तुम्हाला काम मिळणार नाही. विचार करून सांगा."

मी म्हटलं, मला एकच सांगा, त्या ड्रॉइंगांत चुका होत्या का?

त्या म्हणाल्या, "एकही परत आलं नाही. म्हणून तर त्यांना बढती दिली."

सासूबाई मागे उभ्या होत्या, भाकरी करपत होती. मी सगळं सांगितलं. पहिल्या तीन मॉडेलांपासून शेवटच्या चाळीसपर्यंत. कोणत्या महिन्यात किती, लाल खुणा कोणत्या, तू काय लिहून परत पाठवायचास तेही. तुझी सगळी पत्रं माझ्या मेलमध्ये होती, ती त्याच दिवशी अमृतच्या फोनवरून पाठवून दिली. खोटं बोलले असते तर मला पुण्याला येता आलं असतं, हे कळूनच पाठवली. तुला काढल्याचं काल आबांनी अमृतला फोनवर सांगितलं. तुझ्या धाकट्याची आठवण मला झाली होती. पाठवायच्या आधी झाली होती.

अमृतला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग आता कंप्युटर आणायचा का?" मी म्हटलं, कशाला? आता मला काम कोण देणार आहे? त्याने माझं ताट वाढलं. वाईट माणूस नाही.

परवा आखाजी होती, लेकींनी माहेरी जायचा सण. आबा मला न्यायला आले, उन्हातान्हात, एसटीने. ओट्यावर बसले, टोपी काढून वारा घेतला. मी पाणी दिलं. म्हणाले, "चाल, पिशवी भर. तुन्ही माय वाट दखी ऱ्हायनी."

मी विचारलं, "आबा, तुम्हीन नवनीतले सांगेल व्हतं का, माले पास करू नको म्हनीसन?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. सासूबाई दारातच होत्या. मग म्हणाले, "तुन्हा भलाकरता सांगं."

"मन्हं काम बरोबर व्हतं, हाई तुम्हले माहीत व्हतं?"

"माले त्यामधलं काय समजस? पुठ्ठानी पेटी दखी तव्हय वाटनं व्हतं, बरोबर व्हई. बरोबर ऱ्हावो का चूक, माले तू आठेच जोयजे व्हती, जवळ."

"मी वर्षभर येडी व्हयनी व्हती आबा. पायरी उतराले भ्यायू."

"दखं व्हतं मी," असं म्हणाले ते. पाहिलं होतं.

मी त्यांना जेवायला वाढलं, परक्या पाहुण्याला वाढतात तसं, आग्रह करून. दोन पुरणपोळ्या, वर तूप. त्यांनी अर्धी खाल्ली. सासूबाई म्हणाल्या, "जाय व पोरी, पहिली आखाजी शे, बाप लेवाले येल शे." मी म्हटलं, माले जावानं नही. आबा म्हणाले, मन्हाकरता नही ते मायकरता चाल. तिन्ही निंबले झोका बांधा शे, तुन्हाकरता नवं लुगडं लेयेल शे, सकायपासून गल्लीमा उभी शे. तिले यामधलं काहीच माहीत नही.

मी म्हटलं, मग तिला तुम्ही सांगा. मी का येत नाही ते तुमच्या तोंडाने सांगा.

ते म्हणाले, "ते मन्हाघाई व्हवाव नही." त्यांच्याने होणार नाही. चारच्या गाडीने एकटेच गेले. जाताना सासूबाईंच्या पाया पडायला लागले, मुलीच्या सासूच्या. सासूबाईच लाजल्या.

संध्याकाळी आईचा फोन आला. पुन्हा आला. मग अमृतच्या फोनवर आला. आईचा यात काहीही दोष नाही, हे मला माहीत आहे. मी फोन उचलला नाही.

रूपाली